पाणी जातंय कुठे?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ऑफिसात हेडफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना तोंडात येणारे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ मी निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत.)

आज कोड नाही, इंटरव्ह्यू नाही, पगारवाढ तर नाहीच नाही. आज गाडी. आणि गाडी म्हणजे नवी कुठली घ्यावी वगैरे नाही. आमच्या बाबांची 2014 सालची पेट्रोल हॅचबॅक, जी मे महिन्यात खंबाटकीच्या घाटात उकळली, आणि जिच्यापायी मी जवळजवळ 40 हजार रुपये घालवणार होतो.

आधीच सांगतो, मी बीटेक आहे पण कॉम्प्युटरचा. नातेवाइकांना हा फरक कळत नाही. बीटेक झालाय म्हटलं की मिक्सरपासून मोटारपंपापर्यंत सगळं आपल्याकडेच येतं. त्यामुळे गाडीबद्दल मला जे कळलं ते सगळं या एका प्रकरणातून, बरंचसं चुकून कळलं.

तर झालं असं. आम्ही सिंहगड रोडला राहतो. आत्याकडे कराडला कार्यक्रम होता. सकाळी उशिरा निघालो, मी चालवतोय, बाबा शेजारी, आई मागे. निघताना मी बॉनेट उघडून कूलंटची बाटली बघितली होती हां. बाटलीत पाणी व्यवस्थित, दोन खुणांच्या मध्ये. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुण्याकडून साताऱ्याला जाताना तेव्हा खंबाटकी चढावा लागायचा, बोगदा येतानाच्या बाजूला होता. घाटात ट्रकांची रांग, वर ऊन, एसी चालू. अर्ध्या चढाला टेम्परेचरचा काटा मधून हलला आणि वर सरकायला लागला. मी एसी बंद केला. कुठेतरी वाचलं होतं की अशा वेळी हीटर पूर्ण लावायचा, कारण हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा एक छोटा रेडिएटरच असतो, तो थोडी उष्णता काढून घेतो. मे महिन्यात खिडक्या उघडून हीटर लावला. आई म्हणाली, “वेड लागलंय का तुला?” आणि गंमत म्हणजे हीटरमधून गार हवा यायला लागली. मला वाटलं, वा, बरं झालं. दोन मिनिटांत काटाही खाली आला, पार मध्याच्या खाली. मी बाबांना म्हणालो, “बघा बाबा, उतरला!”

मंडळी, याच्याइतकं मूर्खपणाचं वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन.

काटा दाखवतो तो सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच संपलं की तो हवेत किंवा वाफेत लोंबकळतो आणि वाटेल तो आकडा देतो. हीटरमधून गार हवा आली कारण हीटरपर्यंत गरम पाणी पोचतच नव्हतं. म्हणजे मला दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच निरोप येत होता, ‘पाणी नाही’, आणि मी तो ‘सगळं ठीक’ असा वाचला. आमच्या धंद्यात याला म्हणतात मॉनिटरिंग बंद पडलं आणि आपण समजलो सर्व्हर शांत आहे.

तसाच आणखी साधारण किलोमीटरभर चढलो. मग गाडीने दम सोडला, पिकअप गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ. बाबा ओरडले, “बंद कर आधी!” कडेला घेतली, बंद केली. उतरलो आणि मी सरळ रेडिएटरच्या टोपणाला हात घालायला निघालो. मागे एक ट्रकवाले थांबले होते, ते म्हणाले, “ओ पाव्हणं, हात लावू नगा. तोंड भाजंल.” त्यांचे उपकार.

ते का, हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. घरातला कुकर घ्या. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांना उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून ते 120 च्या आसपास उकळतं. रेडिएटरचं टोपण म्हणजे कुकरची शिट्टी. त्याच्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तेवढे बार दाब ते धरून ठेवतं. त्या दाबामुळे इंजिनातलं पाणी 100 च्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम असताना टोपण उघडलं की दाब एकदम जातो आणि आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तुमच्या अंगावर येतं. वाफ असताना कुकरचं झाकण ओढल्यासारखं. वरचा रबरी पाइप हाताला सहज धरवेल इतकं इंजिन निवेपर्यंत टोपणाकडे जायचं नाही. आम्ही तास-पाऊण तास बसलो. गार पाणीही लगेच ओतायचं नाही, तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो.

आता उलट बाजू. कुकरची रिंग खराब झाली तर शिट्टी होत नाही, बरोबर? तसंच गाडीत कुठेही फट पडली की दोन गोष्टी होतात. पाणी जातं आणि दाबही जातो. दाब गेला की राहिलेलं पाणीही लवकर उकळतं. म्हणून एवढीशी गळतीसुद्धा घाटात एकदम अंगावर येते, शहरात महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

आणि पत्ता न लागायचं आमच्याकडे अजून एक कारण होतं. आम्ही असे दगडावर बसलेलो असताना बाबा हळूच म्हणाले, “मी दर रविवारी टाकतो थोडं पाणी.”

“म्हणजे?”

“अर्धी बाटली. फेब्रुवारीपासून.”

चार महिने! मी विचारलं, सांगितलं का नाही. तर म्हणाले, “तू लगेच विकून टाका म्हणाला असतास.” म्हणालो असतोच. त्यामुळे पुढे काही बोललो नाही.

गार झाल्यावर टोपण उघडलं. रेडिएटर कोरडा, तळ दिसत नाही इतका. आणि शेजारची कूलंटची बाटली? भरलेली. मी तर चक्रावलोच. नंतर कळलं ते असं: आमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत ती बाटली फक्त साठवणीची असते. गरम झाल्यावर पाणी फुगून टोपणातून बाटलीत जातं, गार होताना तेच पाणी परत आत ओढलं जातं. पण कुठेतरी फट असेल तर गार होताना गाडी बाटलीतून पाणी ओढायच्या ऐवजी त्या फटीतून हवा ओढते. बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. सकाळी मी बघितली ती बाटली, रेडिएटर नव्हे. बाबांचं पाणीही बरंचसं बाटलीतच पडत होतं. (काही गाड्यांत बाटलीवरच दाबाचं टोपण असतं, रेडिएटरला टोपणच नसतं. तिथे बाटलीची पातळी हीच खरी पातळी. आपली कुठली आहे ते एकदा बघून ठेवा.)

ट्रकवाल्यांनी पाणी दिलं. तीन लिटरच्या वर बसलं. अशा लहान गाडीत सगळं मिळून चार-पाच लिटर असतं, म्हणजे हिशेब करा.

कसाबसा घाट उतरून एका गॅरेजला गेलो. तिथल्या माणसाने गाडीखाली वाकून बघितलं, थेंब नाही. पाइप बघितले, कोरडे. मग निकाल दिला: “बाहेर गळत नाय म्हंजे आत जातंय. हेड गॅस्केट. इंजिन खोलायला लागंल, 35-40 धरा.” आई-बाबांना मी एसटीत बसवलं आणि गाडी टोइंगच्या ट्रकवर टाकून पुण्याला परत आणली.

हेड गॅस्केट म्हणजे काय, थोडक्यात. इंजिनाचे दोन भाग, खालचा ब्लॉक आणि वरचं हेड, यांच्यामध्ये दाबून बसवलेला एक पातळ थर. त्यातून पेट्रोल जळण्याची जागा, ऑइलचे मार्ग आणि पाण्याचे मार्ग एकमेकांपासून वेगळे राहतात. इंजिन भयंकर तापलं की हेड किंचित वाकतं, गॅस्केट सुटतं आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जायला लागतं. खर्च गॅस्केटचा नसतो, ते उघडण्याचा आणि हेड घासून सपाट करण्याचा असतो. दहा वर्षांच्या गाडीला तेवढे पैसे घालायचे का, हा प्रश्न आला की गाडी बहुतेक वेळा भंगारात जाते. मी बाबांना फोनवर तसंच सांगितलं. ते फक्त “बरं” म्हणाले. त्या ‘बरं’मुळे मला झोप लागली नाही.

रात्री विचार करताना लक्षात आलं की गॅरेजवाल्याच्या वाक्यात एक मोठी उडी आहे. ‘दिसत नाही’ म्हणजे ‘आत जातंय’. अरे, पण दिसत नाही याची दुसरीही कारणं असू शकतात! आणि मूळ प्रश्न तर कुणी विचारलाच नाही: गाडी तापते म्हणून पाणी जातंय, की पाणी जातंय म्हणून गाडी तापते? पहिलं असेल तर पंखा, चोंदलेला रेडिएटर, पाण्याचा पंप, अडकलेला थर्मोस्टॅट यांपैकी काहीतरी. दुसरं असेल तर फक्त गळती शोधायची.

इथे मी कबूल करतो, त्याच रात्री मी ऑनलाइन वॉटर पंप मागवला. कारण एका व्हिडिओत वॉटर पंप होता. बग कुठे आहे माहीत नाही आणि फिक्स पाठवून मोकळा. नंतर परत केला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंडगार असताना, पार्किंगमध्ये सुरुवात केली. ऑइलची डिपस्टिक काढली. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं. आमचं काळं-तपकिरी, नेहमीचं. रेडिएटर काठोकाठ भरला, टोपण लावलं, गाडी चालू केली आणि लगेच वरचा जाड पाइप हाताने दाबला. (पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात लांब, बाही गुंडाळून.) गॅस्केट गेलं असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आणि इंजिन गरम व्हायच्या आत, मिनिट-दोन मिनिटांतच पाइप दगडासारखा टणक होतो. आमचा मऊ. सायलेन्सरमधून सारखा पांढरा, गोडसर वासाचा धूर? नाही. सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्यांतून येते, ती धरू नका. आत पायाखालचं मॅटिंग ओलं आहे का? काचेवर चिकट धुकं? हीटरचा छोटा रेडिएटर गळला तर पाणी गाडीच्या आत येतं. तेही नाही. आणि हो, एसी लावल्यावर गाडीखाली टपकतं ते स्वच्छ पाणी हवेतलं दव असतं. त्याला घाबरून मला मेसेज करू नका.

मग माझा आवडता भाग. ओबीडीचा ब्लूटूथ अडॅप्टर, माझ्याकडे पडून होता. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात खुपसायचा आणि मोबाईलवर इंजिनाचं खरं तापमान बघायचं. डॅशबोर्डवरचा काटा हा मनाची समजूत घालायला असतो, बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मधेच चिकटून राहतो. नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, निळा दिवा आणि लाल दिवा. लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ओबीडीवर खरा आकडा मिळतो. गाडी एक बाइट पाठवते, त्यातून 40 वजा केले की अंश सेल्सिअस. इतकं साधं.

पाणी भरलेलं असताना नवले पुलाकडून हायवेवर छोटी फेरी मारली. सिग्नलला उभा राहिलो: तापमान चढत 96 ला गेलं, पंखा घर्र करून लागला, आकडा उतरला. म्हणजे पंखा बरा. साधा ठोकताळा असा की सिग्नलला तापते आणि पळताना गार होते, तर पंख्याकडे बघा. पळताना किंवा चढाला तापते, तर पाणी कमी, रेडिएटर चोंदलेला किंवा पाणी फिरत नाही. आमची पळताना? 70. कधी 68. मला आनंद झाला, गाडी किती गार चालते! इथेही मी निरोप उलटाच वाचला, सांगतो पुढे. पण एक गोष्ट नक्की झाली: पाणी पूर्ण असेल तर गाडी तापत नाही. म्हणजे पाणी जातंय म्हणून तापते. शोध फक्त गळतीचा.

यापुढचं काम घरी होत नाही. धायरीत एक मिस्त्रीकाका आहेत, त्यांच्याकडे प्रेशर टेस्टर आहे. सायकलच्या पंपासारखं यंत्र, त्याला घड्याळ. इंजिन थंड असताना ते टोपणाच्या जागी बसवायचं आणि हाताने हवा भरून दाब द्यायचा, टोपणावर जेवढा छापलाय तेवढाच, जास्त नाही. म्हणजे गाडी गरम न करता कुकर तयार. मग नुसतं बघत बसायचं. काटा जागेवर राहिला तर बाहेर गळती नाही. आमचा पाच मिनिटांत 0.9 वरून 0.7 वर आला.

“आहे हो साहेब,” काका म्हणाले, “पण कुठाय?”

खाली थेंब नाहीच. मग मोबाईलचा टॉर्च लावून, व्हिडिओ चालू करून मी फोन इंजिनाच्या मागच्या खाचेत घातला, जिथे डोकं जात नाही. बाहेर काढून बघितलं तर हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं हाउसिंग आहे, त्याच्या शिवणीवर केसाएवढी चीर आणि तिथे एक थेंब फुगतोय. तो पडत होता गिअरबॉक्सच्या पाठीवरच्या खळग्यात. तिथेच साचायचा आणि गरम इंजिनावर वाळून जायचा. जमिनीपर्यंत कधी पोचलाच नाही. कूलंटचा हिरवा-गुलाबी डाग तरी दिसायला हवा होता ना? पण चार महिने नुसतं बोअरचं पाणी पडून रंगच उरला नव्हता. खळग्यात होता तो नळाच्या तोटीवर बसतो तसला पांढरा क्षार.

पण मी घाटात किलोमीटरभर कोरडी चालवली होती, त्याचं काय? गळती सापडली म्हणून गॅस्केट वाचलं असं होत नाही. काकांनी रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव भरलेली एक काचेची नळी धरली आणि चालू इंजिनाच्या वरची हवा त्यातून ओढली. पाण्यात जळालेला वायू येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने पेट्रोल गाडीत निळ्याचं पिवळं होतं. ती दोन-तीन मिनिटं मी त्या नळीकडे दहावीच्या निकालाकडे बघावं तसा बघत होतो. निळंच राहिलं. तरी त्यांनी चारही प्लग काढून बघितले. सिलिंडरमध्ये पाणी जात असेल तर तिथला प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. चारही सारखेच मळलेले. मळलेल्या प्लगचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

मग हाउसिंग खोललं आणि काका हसायला लागले. आत थर्मोस्टॅटच नव्हता. कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला. हा आपल्याकडचा लाडका उपाय: ‘आपल्या हवेत लागत नाही, काढून टाकू, गाडी गार राहील.’ थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, 80-85 च्या पुढे उघडते. ती नसली की इंजिन कधी नीट तापतच नाही, संगणकाला वाटतं अजून थंड आहे आणि तो पेट्रोल जास्त देत राहतो. माझे ते 70 अंश आठवले? गाडी गार चालत नव्हती, अर्धी कच्ची चालत होती. बाबा दोन वर्षं ॲव्हरेज पडल्याची तक्रार करत होते आणि आम्ही म्हणायचो, पुण्याच्या ट्रॅफिकमुळे असेल.

नवं हाउसिंग, थर्मोस्टॅट, रबरी रिंग, तयार मिश्रणाचं कूलंट आणि मजुरी मिळून 3,400 रुपये. कूलंट भरायच्या आधी साधं पाणी काढून दोनदा धुतलं आणि भरल्यावर आतली हवा काढली, त्यात अर्धा तास गेला. हवेचा बुडबुडा राहिला तर पुन्हा तेच नाटक. टोपण टेस्टरवर लावून तपासलं, ते बरं निघालं. नसतं तर शे-दोनशे रुपयांत मिटलं असतं. म्हणून कुठल्याही गॅरेजने इंजिन खोलायचं म्हटलं की आधी विचारा, प्रेशर टेस्ट केली का? आणि निळ्या पाण्याची? या दोन्ही मिळून तासाभराचं काम आहे. दोन्हीत गॅस्केटच निघालं तर मग खोला बिनधास्त.

परवा पुन्हा कराडला गेलो, आत्याचा राहिलेला पाहुणचार घ्यायला. बाबांनी बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे आणि दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, बाटली आणि रेडिएटर दोन्ही बघतात. सहा आठवडे झाले, रेघ आणि पाणी जागच्या जागी. घाट लागला तसा त्यांनी माझा मोबाईल हातात घेतला आणि क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसे आकडे वाचत बसले. “एकोणनव्वद. ब्याण्णव. चौऱ्याण्णव... अरे चौऱ्याण्णव! थांबतोस का?” मी म्हटलं, बाबा, चालतं तेवढं. वर पोचल्यावर पुन्हा नव्वद. मागून आई म्हणाली, आता तो फोन ठेवा आणि डबा उघडा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गाडीतली बाटली साठवणीची आहे की दाबाची, ते उद्या सकाळी गाडी थंड असताना बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.